वरच्या आळीचं पाणी

टाकीत उतरायच्या आधी मी पदर कमरेला घट्ट खोचला आणि पाय आत सोडले. झाकणाचं तोंड इतकं अरुंद की खांदे एकेक करून आत न्यावे लागले. आत काळोख, लोखंडाचा आणि जुन्या पाण्याचा वास.

"पोचलीस?" वरून आवाज आला.

"पोचले. पण तुमचं डोकं बाजूला घ्या. सगळा उजेड त्यानंच अडवलाय."

डोकं बाजूला झालं. टाकीच्या तळाशी गंजाचा तांबडा गाळ साचला होता. मी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडायला लागले.

वर बसलेले ते माझे यजमान. होडी नाखव्याची, पण समुद्रात चालवायची ती ह्यांनी, म्हणून सगळं बंदर ह्यांना धाकू तांडेल म्हणायचं. हे नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही. आता लिहितानाही हात जरा अडखळतो. पावसाळ्यात होडी वाळूवर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेच्या तोंडावर ती पुन्हा तयार करायची, ही दर वर्षाची गडबड. कोणी तळाला डांबर लावायचं, कोणी इंजिन उघडायचं. गोड्या पाण्याची टाकी मात्र तांडेल स्वतः धुवायचे. खलाशाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या वर्षी तारेनं त्यांचा तळहात फाटला होता, टाके पडले होते, हाताला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं. आणि ह्यांच्याखेरीज त्या तोंडातून आत जाईल एवढी बारीक घरात मीच.

"कोपरे बघ," ते वरून म्हणाले.

"बघतेय."

"जिथं पत्रा जोडलाय तिथं बोट घालून बघ. तिथं चिकटून राहतं."

"बोट घातलं. आता काय जीभ लावू?"

वर नथू खलाशी हसला. हे हसले नाहीत. थोड्या वेळानं परत, "कोपरे झाले?"

तेव्हा मी बोलले. "एकदा कंटाळा केलात आणि जन्मभराची धास्ती घेतलीत."

वर नथूचं हसणं थांबलं.

हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. आमचं लग्न झालं त्या हंगामात ह्यांनी टाकी न धुताच पाणी भरलं, असं ह्यांनीच परत आल्यावर चारचौघांत सांगितलं होतं. समुद्रात पाणी सडलं, माणसं ओकून ओकून आडवी झाली, होडी रिकामी परत आली. नाखव्यानं तांडेलकी काढून घेतली. पुढचे दोन हंगाम हे दुसऱ्याच्या हाताखाली साधे खलाशी होऊन गेले. नव्या नवरीला बंदरावरून मान खाली घालून चालावं लागलं. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. घरात भांडण झालं, की मी टाकीच काढायची. हे त्यावर कधी उलटून बोलले नाहीत.

गाळ बादलीनं वर दिला. काथ्यानं घासलं, चुन्याची निवळी फिरवली, तीन-चार वेळा धुवून तळाचं बूच काढून पाणी वाळूवर सोडलं. मग होडीवरच्या चुलीपाशी जो नळ असतो तिथपर्यंतच्या पाइपात दोरीला फडकं बांधून ओढलं. काळं फडकं बाहेर आलं, दुसरं आलं, मग पांढरं आलं. हातपंपातला चामड्याचा वायसर वाळून कडक झाला होता, तो खोबरेल तेलात भिजत घातला. संध्याकाळी मी बाहेर आले तेव्हा केसांपासून नखांपर्यंत तांबडी झाले होते. ह्यांनी आत तोंड घालून वास घेतला आणि म्हणाले, "चांगली झाली."

एवढंच. पण ह्यांच्या तोंडून तेवढंही सहज येत नसे, म्हणून मी खूश झाले. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "उद्या मी दापोलीला टाके काढायला जातोय. नथू आणि पोरांना घेऊन पाणी भरून घे. वरनं आण."

वरनं म्हणजे वरच्या आळीतून. म्हणजे द्वारकीच्या विहिरीवरून.

द्वारकी माझ्याहून थोडी मोठी. तिचा नवरा ह्यांच्याच होडीवर खलाशी होता. पुढे माडावरून पडून गेला. विधवा झाली तरी ती वाकली नाही. लुगडं स्वच्छ, केस चापूनचोपून बसवलेले, बोलणं ठसक्याचं. दर हंगामात हे खलाशांना घेऊन तिच्याकडे जायचे. खलाशी खांद्यावर पाणी वाहायचे आणि हे तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायचे. आमच्या परसात, होडीपासून हाकेच्या अंतरावर, आमची स्वतःची विहीर असताना.

आणि ती विहीर तरी कसली. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तिला पाणी लागलं. सासूबाईंनी विहिरीला हळदकुंकू वाहून मला काठावर उभी केली आणि आल्यागेल्याला सांगितलं, सून आली आणि पाणी आलं. गोड पाणी. वैशाखातही आटत नाही. अर्धी आळी आमच्याकडे कळशी घेऊन यायची. तांडेलांची होडी मात्र चढण चढून दुसरीच्या दारात.

बायका बोलायच्या. शेजारची भागी तर हसत हसतच बोलायची. "येसू, तुझ्या विहिरीत साखर टाक गो थोडी. तांडेलांना गोड लागत नाय."

"तुझ्या तोंडात टाकते आधी," मी म्हणायची. पण रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही.

त्या संध्याकाळी अंगावर गंज घेऊन मी तिथंच उभी राहिले. "टाकी मी धुतली," मी म्हटलं. "पाणी माझ्या विहिरीचं जाईल."

"नको."

"का नको?"

"सांगितलं ना. वरनं आण."

"काय कमी हाय माझ्या पाण्यात? गावाला चालतं, तुमाला चालतं, रोज पिताय."

ते झाकणाचे बोल्ट गोळा करत होते. "येसू, एवढं ऐक."

"तिचं ऐकताय तेवढं पुरे हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. पण डाव्या हातानं बोल्ट डब्यात टाकले आणि घराकडे चालू लागले.

सकाळी ते दापोलीच्या गाडीत बसले आणि मी नथूला विहिरीवर बोलावलं. आमच्या विहिरीवर.

नथू घुटमळला. "वयनी, तांडेल म्हणाले वरनं."

"तांडेल मला काय म्हणाले ते मला ठाऊक. तू रहाट ओढ."

त्यानं ओढला. पोरं हंडे वाहत होती, मी टाकीच्या तोंडावर फडकं धरून पाणी गाळून आत ओतत होते. एकेक हंडा आत जात होता आणि मला बरं वाटत होतं. पुढचे कित्येक दिवस समुद्रात ते माझ्या परसातलं पाणी पितील. भाताला ते, चहाला ते, तोंड धुवायला ते. द्वारकीचा थेंब नाही. भागी वाटेत भेटली तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "होडीचं पाणी भरतेय गो, घरचं." भागीनं डोळे मोठे केले. दुपारपर्यंत ती बातमी गावभर होणार होती, आणि व्हावी हीच माझी इच्छा होती.

टाकी भरली. वायसर बसवला, पंप मारला, चुलीपाशी नळातून पाणी आलं. सुरुवातीला जरा चुनाळ, मग काचेसारखं. पोरांना जेवायला पाठवलं आणि मी होडीच्या सावलीत टेकले. तेवढ्यात द्वारकी आली.

तिच्या डोईवर हंडाकळशी काही नव्हतं. पाय धुळीनं भरले होते, म्हणजे चढणीवरून भरभर उतरली होती.

"सकाळपासून विहिरीवरचा पाचोळा काढून बसलेय," ती म्हणाली. "चहा दोनदा उकळला. कोण आलं नाय."

"येणार पण नाय. टाकी भरली."

"कशानं?"

"पाण्यानं."

"येसू, थट्टा नको करू. कुठलं पाणी?"

"आमचं. का, चहा फुकट गेला म्हणून वाईट वाटलं?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. होडीला हात टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "सोडून दे ते."

"काय?"

"बूच काढ आणि पाणी सोडून दे. उद्या होडी जायची हाय."

मी उठून उभी राहिले. इतक्या वर्षांचं सगळं तोंडाशी आलं. "माझ्या नवऱ्याच्या होडीत कुठलं पाणी जाईल ते तू सांगणार? तुझी विहीर एवढी गोड हाय, तर मग ओट्यावर बसून पाणीच पाज. चहा कशाला पाजतेस?"

"बोलून घे," द्वारकी म्हणाली. "झालं की सांग."

मी आणखी बोलले. ते इथं लिहीत नाही. माझा दम संपला तेव्हा ती खाली वाळूवर बसली.

"तुझं लग्न झालं तो हंगाम आठवतो?" तिनं विचारलं. "टाकी सडली तो."

"तांडेलांनी टाकी धुतली नव्हती. सगळ्यांना ठाऊक हाय."

"धुतली होती. माझा नवरा होता ना होडीवर. त्यानं स्वतः बादल्या दिल्या आत. काल तू धुतलीस तशीच धुतली होती. आणि पाणी भरलं होतं तुमच्या नव्या विहिरीचं, तुझ्या सासूनं हौसेनं भरायला लावलं होतं."

माझी नजर टाकीच्या बुचाकडे गेली.

"ते पाणी ताजं गोड हाय. कोंडलं की सडतं. जमिनीत काय असेल ते असेल. तुमी रोज उपसून पिताय, तुमाला कळणार नाय. टाकीत झाकून ठेवलं की चार-पाच दिवसांत नाकाला फडकं लावायची वेळ. माझ्या नवऱ्याला होडीतून झोळीत घालून आणला होता. जगेल असं वाटत नव्हतं. मी तशीच उठून तुझ्या दारात यायला निघाले होते. ओरडून सांगणार होते, ही पांढऱ्या पायाची आणलीत, हिच्या पाण्यानं माणसं मरायला टेकली. तुझे तांडेल वाटेत आडवे आले."

"मग?"

"मग काय. म्हणाले, माझं नाव घे. टाकी मी धुतली नाय असं मीच सांगतो नाखव्याला. तिचं नाव घेऊ नको, ती आत्ताच आलीय."



"मी म्हटलं, ठीक हाय," द्वारकी पुढे म्हणाली. "पण माझा नवरा त्या होडीवर जाणार, तर ह्यापुढे पाणी माझ्या विहिरीचं. त्यांनी कबूल केलं. आता नवरा नाय माझा, पण पाणी चांगलं टिकतं म्हणून ते येतात. येतात, चहा पितात, तुझ्याबद्दल तक्रार करतात आणि जातात."

"माझ्याबद्दल तक्रार?"

"तू टाकीवरून बोलतेस म्हणून."

मला बसवेना आणि उभं राहवेना. "खोटं," मी म्हटलं. "मला का नाय सांगितलं मग? घरात, दोघंच असताना?"

"तुला? तुला राग आला की तू विहिरीच्या काठावर उभी राहून सगळ्या आळीला सांगतेस. हे पण सांगितलं असतंस. मग सासूनं तुला त्या विहिरीवर उभी केली असती का परत?" तिनं लुगड्याची वाळू झटकली. "मी कोणाला सांगणार नाय असं म्हटलं होतं. पण उद्या एवढी माणसं जायची हायत. आज नाय बोलले तर कधी बोलू?"

मला आठवलं, होडीचं काम करणाऱ्या खलाशांसाठी आठवड्यापूर्वी मी आमच्या विहिरीचे दोन प्लास्टिकचे कॅन भरून झापाखाली ठेवले होते. एक संपला होता. दुसरा तसाच बूच लावून पडला होता. मी तो ओढून काढला. बूच फिरवलं आणि तोंड बाजूला केलं. सडक्या अंड्यासारखा वास आला. द्वारकीनं बघितलंही नाही. तिला बघायची गरज नव्हती.

मी होडीखाली वाकले आणि टाकीचं बूच काढलं. सकाळपासून भरलेलं सगळं पाणी धो धो वाळूत गेलं. वाळू ते पीत होती. मी बघत राहिले.

"बघत काय बसलीस," द्वारकी म्हणाली. "तांडेल संध्याकाळच्या गाडीनं येतील. हंडे घे."

पोरांना हाक मारली. नथू जेवता जेवता उठून आला, रिकामी टाकी बघितली, आम्हा दोघींची तोंडं बघितली आणि काही न विचारता कावड उचलली. शहाणा माणूस.

वरच्या आळीची चढण उभी. पहिल्या खेपेला आम्ही दोघी बोललोच नाही. विहिरीवर तिनं पोहरा सोडला, मी हंडा धरला. तिचे दंड अजून भरदार होते. दर वर्षी असाच पोहरा सोडताना ह्यांनी तिला बघितलं असेल, हे माझ्या मनात आलं. आता खरं काय ते कळलं होतं, तरी आलं.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "त्या दिवशी ते रडले होते का?"

"कोण?"

"आता कोण म्हणून विचारतेस?"

ती दोर ओढत राहिली. "नाय. पण हात जोडले होते."

ह्यांनी हात जोडले. माझ्यासाठी. तिच्यासमोर. मी ते कधीच बघितलं नव्हतं आणि ह्या बाईनं बघितलं होतं. टाकीवरून मी घरात बोलायची तेव्हा हे गप्प का बसायचे, हे तिला माहीत होतं आणि मला नव्हतं. हे तिच्या ओट्यावर नुसते चहाला बसायचे, असं आता कळलं होतं. त्यानं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण पूर्वी निदान मी ज्यावर जळायची ते मला डोळ्यांसमोर आणता येत होतं.

"मला तुझा किती राग यायचा, ठाऊक हाय?" द्वारकी अचानक म्हणाली.

"तुला? माझा? कशाला?"

"माझा माणूस चांगला होता. पण त्यानं माझ्यासाठी कोणापुढे हात जोडले नसते. त्याला सुचलंच नसतं." तिनं पोहरा काठावर टेकवला. "तू खाली आपल्या विहिरीवर मिरवायचीस. मी वरून बघायची. मनात यायचं, हिला ठाऊक पण नाय."

मी हंडा डोईवर घेतला नाही. "नेमकं काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"सांगितलं की. तिचं नाव घेऊ नको म्हणाले."

"तेवढंच? त्याच्या पुढं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी होतं पुढं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. कोणीतरी जपून ठेवलेली वस्तू आपण मागतोय आणि त्याची मूठ घट्ट होतेय, तसं.

"होतं आणखी एक वाक्य," ती म्हणाली.

"काय?"

"ते नाय सांगायची."

"द्वारके, तो नवरा माझा हाय."

"नवरा तुझाच हाय. तो मी कधी मागितला नाय. पण तेवढं वाक्य माझ्याकडे राहू दे." आणि तिनं हंडा उचलून माझ्या डोईवर ठेवला, जरा जोरातच.

मी उतरणीवरून खाली आले. पाणी मानेवर सांडत होतं. त्यानंतर किती खेपा झाल्या कोण जाणे, पण आम्ही पुन्हा तो विषय काढला नाही. टाकी भरली, झाकणाचे बोल्ट आवळले, पंप मारला. द्वारकीनं नळाखाली ओंजळ धरून पाणी चाखलं आणि ओठ पुसून वर निघून गेली.

ऊन उतरल्यावर हे गाडीतून आले ते थेट होडीवर. सकाळी मी भागीला जे सांगितलं होतं ते स्टँडवरच कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. चेहरा उतरला होता. हाताला नवी पट्टी होती. माझ्याशी न बोलता ते चुलीपाशी गेले आणि डाव्या हातानं पंप मारला. तांब्या भरून घेतला, एक घोट तोंडात धरला आणि तसाच ठेवला.

मग गिळला. आणखी एक घोट घेतला. खांदे खाली आले.

"वरचं हाय," ते म्हणाले.

"तुमी सांगितलं होतं ना."

"लोक म्हणत होते..."

"लोकांचं काय ऐकताय. मी भागीला जळवत होते."

त्यांनी तांब्या रिकामा केला आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मला कळलंय की नाही, हे ते शोधत होते. मी वायसर तेलात भिजवून बसवल्याचं सांगितलं, पाइपात फडकं किती काळं निघालं ते सांगितलं. एका प्रश्नाचं अंतर होतं. त्या दिवशी वाटेत द्वारकीला काय म्हणालात, एवढं विचारलं की झालं. पण विचारलं असतं, तर मला सगळं ठाऊक आहे हे त्यांना कळलं असतं. इतकी वर्षं त्यांनी मला न कळू देता जे सांभाळलं होतं, ते मी त्यांच्या हातातून काढून घेतल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी होडी गेली, पाणी शेवटपर्यंत चांगलं राहिलं आणि होडी नीट परत आली. टाकीचं नाव मी घरात पुन्हा काढलं नाही. ह्यांना ते जाणवलं असेल, पण त्यांनीही विचारलं नाही.

पुढच्या हंगामापासून पाण्याला वर मीच जायला लागले. तुमच्या हाताचं अजून खरं नाही, असं सांगून ह्यांना घरी बसवायची. द्वारकी चहा करायची, मी ओट्यावर बसायची. आम्ही पावसाचं, माशांचं, गावातल्या बायकांचं बोलायचो. निघताना दर वर्षी मी एकदा तिच्याकडे बघायची आणि ती मान हलवायची. नाही म्हणून.

मग बंदरावर नळ आला. हे गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात द्वारकी आजारी पडली आणि मी तिच्या उशाशी जाऊन बसले. आता ह्यांच्यामागे त्या वाक्यानं कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकले आणि विचारलं.

तिनं डोळे उघडले. मला ओळखलं. आणि अगदी हळू, पण हसली.

"नाय गो, येसू," ती म्हणाली.